कोरोनात पहिलीला बसलेली लेकरं २०२५-२६ मध्ये सहावीत; राहिलेल्या नांग्या कोण भरणार?

जून २०२० मध्ये ज्या लेकरांची नावं पहिलीच्या पटावर चढली, ती लेकरं २०२५-२६ मध्ये सहावीत पोचली. त्यांची पहिली शाळेत बसून झालीच नाही. दुसरीचंही अर्धं वर्ष घरातच गेलं. आता त्यांच्या दप्तरात अपूर्णांक आहेत, विज्ञान आहे, इतिहास आहे. पण गावातल्या कोणत्याही गुरुजींना विचारा, वर्गातली किती पोरं जोडाक्षर न अडखळता वाचतात? उत्तर देताना गुरुजी जरा थांबतात.

कपाशी लावणाऱ्याला नांग्या काय ते सांगायला नको. उगवण विरळ झाली की आठ-दहा दिवसांत नांग्या भराव्या लागतात. तो वेळ गेला की मग कितीही खत टाका, रिकामी जागा रिकामीच राहते. शिक्षणाचंही तसंच आहे. पहिली-दुसरीत अक्षर आणि अंक उगवले नाहीत, तर पुढच्या वर्गांचं खत-पाणी वाया जातं. कोरोना गेला, शाळा भरल्या, निकाल लागले, म्हणून सगळ्यांनी धरून चाललंय की ते प्रकरण मिटलं. ते मिटलेलं नाही. ते फक्त वरच्या वर्गात गेलंय.

शाळा नेमकी किती बंद होती?

आता बऱ्याच जणांना हा हिशोब आठवत नाही, म्हणून परत मांडतो.

आपल्या राज्यात शाळा मार्च २०२० च्या मध्यात बंद झाल्या. त्यानंतर आठवड्याभरात देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षीच्या दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण सरासरीनं दिले. नोव्हेंबर २०२० च्या शेवटी नववी ते बारावीचे वर्ग जिथं जमेल तिथं उघडले. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी सुरू झाली. ती काही आठवडेच चालली, दुसरी लाट आली आणि परत कुलूप लागलं. ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग परत उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. आणि पहिली ते चौथी? त्यांची शाळा उघडली १ डिसेंबर २०२१ ला. पुढं जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत पुन्हा दोन आठवडे बंद.

म्हणजे सगळ्यात लहान लेकरांची शाळा सलग साडेवीस महिने बंद होती. ज्यांना गुरुजींची सगळ्यात जास्त गरज होती, तीच सगळ्यात शेवटी वर्गात आली. त्यांच्याआधी गावात बाजार भरले, लग्नं लागली, जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुकाही होऊन गेल्या.

जगात आपल्याहून जास्त शाळा बंद ठेवणारे देश थोडेच होते. आफ्रिकेतल्या युगांडात जवळपास दोन वर्षं शाळा बंद राहिल्या, त्या १० जानेवारी २०२२ ला उघडल्या. आपण त्यांच्यापासून फार लांब नव्हतो.

मोबाईलवरची शाळा कुणासाठी होती?

त्या काळात सरकारनं 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी मोहीम काढली. दीक्षा ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज अभ्यास यायचा. काही ठिकाणी गुरुजींनी खरंच डोकं चालवलं. सोलापुरात निलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर स्पीकर लावून 'बोलकी शाळा' भरवली. आपल्याकडंही काही शिक्षक पारावर, मंदिराच्या ओट्यावर चार-चार पोरं बसवून शिकवत होते. त्यांचं काम विसरता येणार नाही.

पण सगळीकडं असं नव्हतं. 'असर' नावाची पाहणी 'प्रथम' ही संस्था देशभरातल्या खेड्यांत करते. घरोघरी जाऊन पोरांना वाचायला आणि गणित करायला देतात. त्यांच्या पाहणीत २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या शंभरातल्या ३६-३७ पोरांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हा आकडा ६७ च्या वर गेला. लोकांनी शेळ्या विकल्या, उसने घेतले, पण फोन घेतला. मात्र त्याच पाहणीत असंही निघालं की फोन असलेल्या घरांतही शंभरातल्या २६ पोरांच्या हाती तो फोन लागतच नव्हता.

यात नवल काही नाही. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप रानात नाहीतर मोंढ्यात. घरी यायला रात्र. तोवर बॅटरी संपलेली, नाहीतर दिवसाचा डेटा संपलेला. डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर तर रेंजसाठी टेकडीवर जायचं. दोन भावंडं असली की मोठ्याला फोन आधी आणि त्यातही पोराला आधी, पोरीला नंतर. आणि पहिलीच्या लेकराला पीडीएफ पाठवून काय होणार? ज्याला 'क' वाचता येत नाही, त्यानं स्क्रीनवरची सूचना कशी वाचायची? घरात कुणी शिकलेलं असेल तर त्यानं समजावायचं. ज्या घरात आई-बाप दोघंही अंगठेबहाद्दर, तिथं ते दीड-पावणेदोन वर्षं कोरडं गेलं.

आकडे बघा, पण वर्गानुसार बघा

आता मुद्द्याचं. नुकसान भरून निघालं की नाही?

'असर'ची एक साधी कसोटी आहे: दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो का? देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांचे आकडे असे आहेत.

• तिसरीतली पोरं : २०१८ मध्ये शंभरात २०.९ वाचू शकत होती. २०२२ मध्ये १६.३. २०२४ मध्ये २३.४.
• पाचवीतली पोरं : २०१८ मध्ये ४४.२. २०२२ मध्ये ३८.५. २०२४ मध्ये ४४.८.
• आठवीतली पोरं : २०१८ मध्ये ६९. २०२२ मध्ये ६६.२. २०२४ मध्ये ६७.५.

महाराष्ट्रातही लहान वर्गांत हीच चाल दिसली: २०२२ मध्ये मोठी घसरण आणि २०२४ मध्ये सुधारणा. जानेवारी २०२५ मध्ये हा अहवाल आला तेव्हा बातम्या अशा झाल्या की पोरं कोरोनाच्या आधीपेक्षा पुढं गेली. बातमी खोटी नाही. पण कोण पुढं गेलं ते नीट बघा.

२०२४ मध्ये तिसरीत असलेलं लेकरू पहिलीला २०२२ मध्ये आलं. तेव्हा शाळा रोज भरत होती. म्हणजे त्याची शाळा बुडालीच नाही. ते कोरोनाआधीच्या पोरांपेक्षा पुढं गेलं, चांगलंच झालं.

पाचवीतलं लेकरू म्हणजे आपली जून २०२० ची पहिली. ती कशीबशी २०१८ च्या पातळीला येऊन टेकली. आणि आठवीतली पोरं, जी शाळा बंद असताना चौथी-पाचवीत होती, ती अजून मागंच आहेत.

याचा अर्थ सरळ आहे. जितकं पोरगं मोठं, तितकी भरपाई कमी. नव्या लेकरांमुळं सरासरी सुधारते, आणि ज्यांचं खरं नुकसान झालं ती पोरं दरवर्षी एक वर्ग वर सरकून नजरेआड होतात. अजून काही वर्षांत ती दहावी-बारावी करून शाळेबाहेर पडतील आणि आकड्यातूनच गायब होतील.

दुसरी गोष्ट. 'कोरोनाआधीच्या पातळीला आलो' यात छाती फुगवण्यासारखं काय आहे? पाचवीतल्या शंभरातल्या ५५ पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, ही ती पातळी. विहीर आधीच तळाला गेलेली होती, त्यात कोरोनानं उरलेलं पाणी उपसलं, आणि आता परत तळाला पाणी आलं म्हणून आपण समाधान मानतोय.

केंद्राच्या 'परख' सर्वेक्षणातही हेच दिसतं. ४ डिसेंबर २०२४ ला ही परीक्षा देशभर झाली. सहावीतल्या पोरांपैकी दहापर्यंतचे पाढे येणारी निघाली शंभरात ५३. ही पोरं २०२०-२१ मध्ये दुसरीत होती. पाढे पाठ व्हायचं तेच तर वय. महाराष्ट्र या सर्वेक्षणात बऱ्याच राज्यांच्या पुढं आहे, हे खरं. पण राज्याची सरासरी पुणे-कोल्हापूरचीही असते आणि धारूर-वडवणीच्या डोंगरातल्या वस्तीचीही.

बंद तीन महिने, तोटा दीड वर्षाचा

काही लोक म्हणतात, दोन वर्षं बुडाली तर बुडाली, पोरं हळूहळू शिकतातच. याचं उत्तर शेजारच्या पाकिस्तानात मिळतं.

८ ऑक्टोबर २००५ ला पाकव्याप्त काश्मीर आणि आसपासच्या भागात मोठा भूकंप झाला. शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी अभ्यासकांनी तिथल्या पोरांची चाचणी घेतली. घरं परत बांधली गेली होती, लोकांना मदतीचे पैसे मिळाले होते, पोरं शाळेतही जात होती. तरी भूकंपाच्या पट्ट्यातली पोरं लांबच्या गावांतल्या पोरांपेक्षा साधारण दीड वर्षानं मागं निघाली. शाळा बंद फक्त तीन-साडेतीन महिने, आणि तोटा दीड वर्षाचा!

असं का झालं? शाळा उघडल्यावर वर्ग जिथं असायला हवा होता तिथून सुरू झाला, पोरं जिथं होती तिथून नाही. पुस्तक पुढं पळालं, पोरगं मागं राहिलं आणि अंतर दरवर्षी वाढत गेलं. आणखी एक गोष्ट तिथं दिसली. ज्या घरात आई निदान प्राथमिक शाळा शिकलेली होती, त्या घरातल्या पोरांचं नुकसान जवळपास झालंच नाही. शिकलेली आई हीच खरी भरपाई ठरली.

आता आपल्याकडं बघा. आपल्याकडं बंद साडेवीस महिने. उघडल्यावर ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, तोही २०२१ मध्ये शाळा बंद असतानाच सुरू केलेला. मग परत पुस्तक धडा एकपासून. २०२०-२१ ला अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला, पण कमी केलेला भाग नंतर कुणी शिकवायचा, हे कुणी सांगितलं नाही.

निकाल वाढले, म्हणून पोरं शिकली का?

दहावीचा राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के होता. २०२० मध्ये ९५.३० झाला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, नववीचे आणि शाळेतले गुण धरले, निकाल ९९.९५ टक्के. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी, वेळ जास्त, परीक्षा आपल्याच शाळेत, निकाल ९६.९४. त्यानंतर पूर्ण अभ्यासक्रम आला तरी २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१०.

या आकड्यांवरून कोरोनात काही बिघडलं होतं असं वाटेल का? नाही वाटणार. गावात फ्लेक्स लागतात, पेढे वाटले जातात. पण त्याच पोराला बँकेत पैसे भरायची स्लिप भरायला सांगा, नाहीतर औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचून पंपाला किती मिली टाकायचं ते काढायला सांगा. तिथं कळतं. २०२५-२६ ची दहावीची बॅच २०२०-२१ मध्ये पाचवीत आणि पुढच्या वर्षी सहावीत होती. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, अपूर्णांकाची बेरीज-वजाबाकी, हे सगळं त्यांचं घरी बसून झालं. पुढं आयटीआय, पॉलिटेक्निक, पोलीस भरती, सगळीकडं हेच गणित विचारतात. तिथं अंतर्गत गुण नसतात.

ऊसतोडीच्या गावांत तोटा दुप्पट

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला जातात, परत येतात ते मार्च-एप्रिलला. त्यांच्या लेकरांचं अर्धं वर्ष दरसाल असंच हलतं. लेकरू गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं असतात. आजी-आजोबांजवळ राहून ते शाळेत जातं, जेवतं, हजेरी लागते.

कोरोनात शाळाच बंद, मग लेकराला मागं ठेवायचं कारणच उरलं नाही. पोरं आई-बापाबरोबर फडावर गेली. दहा-बारा वर्षांचं पोरगं फडावर नुसतं बसत नाही. वाढं गोळा करतं, मोळ्या बांधायला हात लावतं, लहान भावंड सांभाळतं. एकदा तो हात कामाचा झाला की परत वर्गात बसवणं अवघड जातं. नाव पटावर राहतं, पोरगं नसतं.

मुलींचं तर वेगळंच. 'एवढ्या दिवस घरी ठेवून करायचं काय' आणि 'पन्नास माणसांत लग्न उरकतंय' या दोन वाक्यांनी किती पोरींचं शिक्षण संपवलं, हे ज्याच्या त्याच्या गावात ठाऊक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या ४३-४४ बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९. यातली बहुतेक लग्नं कोरोनाच्या आधीची आहेत, म्हणजे रोग जुनाच होता. शाळा हीच त्याला आडवी येणारी भिंत होती. ती भिंत कोरोनात पडली.

जगात दुसरीकडंही असंच झालंय. सिएरा लिओन या आफ्रिकेतल्या देशात इबोलाच्या साथीनं २०१४-१५ मध्ये जवळपास नऊ महिने शाळा बंद होत्या. त्या काळात बऱ्याच मुली गरोदर राहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारनं गरोदर मुलींना वर्गात यायलाच बंदी घातली. ती बंदी उठायला मार्च २०२० उजाडला. साथ आली की तिची सगळ्यात मोठी किंमत मुली मोजतात, आणि नंतर दोषही त्यांच्यावरच येतो.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, तीही सांगितली पाहिजे. पोरं कायमची शाळा सोडतील अशी जी भीती होती, ती देशाच्या आकड्यांत तेवढी खरी ठरली नाही. १५-१६ वयाच्या शाळेबाहेरच्या पोरांचं प्रमाण २०१८ मध्ये १३.१ टक्के होतं, २०२४ मध्ये ७.९ टक्के. कोरोनात इंग्रजी शाळांची फी परवडेना, म्हणून सरकारी शाळांचा पटही वाढला: ६५.६ वरून ७२.९ टक्के. लोक जिल्हा परिषदेच्या शाळेत परत आले होते. पण २०२४ पर्यंत तो आकडा परत ६६.८ वर आला. आलेला पालक आपण टिकवू शकलो नाही.

आता काय करता येईल?

सरकारची 'निपुण' मोहीम चालू आहे. पण तिचा सगळा भर लहान वर्गांवर आहे. सहावी ते दहावीतल्या या बॅचसाठी वेगळं काहीच नाही. वरून, डिसेंबर २०२३ च्या नियमानं पाचवी आणि आठवीला परीक्षा परत आली, नापास झालं तर त्याच वर्गात ठेवायची सोय झाली. ज्याला पहिली मिळालीच नाही, त्याला आठवीत नापास करून काय साधणार? त्याला आधी वाचायला शिकवा.

ते अवघड नाही. पोरांचे गट वर्गानुसार न करता पातळीनुसार करायचे. अक्षराला अडलेले एका गटात, शब्दाला अडलेले दुसऱ्या, उताऱ्याला अडलेले तिसऱ्या. रोज एक-दीड तास तेवढंच. आपल्या राज्यात २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'मध्ये गुरुजींनी अशी स्तर निश्चिती केलेली आहे, काम माहितीचं आहे. फक्त ते सहावी-सातवीत करायला लाज वाटते. लाज बाजूला ठेवावी लागेल.

पालकांनी आज घरी करायची तपासणी अशी :

१. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या. मोबाईलवर बालभारतीचं पुस्तक फुकट मिळतं. पोराला एक उतारा मोठ्यानं वाचायला सांगा. जोडाक्षराला किती वेळा थांबतं ते मोजा.
२. ६३ मधून २८ वजा करायला सांगा. उत्तर ३५. हातच्याला चुकतंय का बघा.
३. ८५७ ला ६ ने भागायला सांगा. उत्तर १४२, बाकी ५.

पोरगं पाचवीच्या पुढं असेल आणि यातलं एकही अडत असेल, तर मारू नका, ओरडू नका. चूक त्याची नाही. गुरुजींना जाऊन भेटा आणि सांगा, याचं इथं अडतंय.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात निम्म्या बायका. ही समिती नुसती सह्यांपुरती ठेवू नका. बैठकीत विचारा, सहावी ते आठवीतली किती पोरं दुसरीचा उतारा वाचतात? आकडा भिंतीवर लावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतही हा विषय घ्यायला हरकत नाही. रस्ता-गटाराइतकाच तो गावाचा विषय आहे. गावात बारावी, बी.ए. झालेल्या पोरी-सुना घरी आहेत. समाजमंदिरात संध्याकाळी तासभर त्यांनी पोरं बसवली, तर पाकिस्तानातल्या शिकलेल्या आयांनी जे केलं तेच इथं होईल.

मुलीचं लग्न अठराच्या आत ठरतंय असं कानावर आलं, तर १०९८ ला फोन करा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही लक्षात ठेवा. कोरोनात बाप किंवा आई गेलेली लेकरं अजून गावात आहेत. बाल संगोपन योजनेत त्यांना महिना २,२५० रुपये मिळतात. ज्यांचा अर्ज राहिला असेल त्यांनी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी.

आणि ऊसतोडीच्या गावांसाठी शेवटचं. दसरा झाला की टोळ्या हलतील. हंगामी वसतिगृहाची मागणी त्याआधी शाळेकडून गेली पाहिजे, आणि जी पोरं बरोबर जाणारच आहेत त्यांचं शिक्षण हमी कार्ड मुख्याध्यापकांकडून आताच भरून घ्या. ते कार्ड दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. मुकादमाची उचल घेताना हिशोब दहा वेळा तपासतो, तसा हा कागदही एकदा तपासा.